घोट्यापासून करंगळीपर्यंत

घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याची तयारी मी केली होती. मे महिन्याची सुटी लागेल त्या आठवड्यातली तारीख घेतली, जूनच्या रजेचा अर्ज शाळेत दिला, माडीवरचा पलंग खालच्या खोलीत आणवला, कुबड्या आधीच आणून अंगणात चालून पाहिलं. टाके दुखतील, पाय सुजेल, काही आठवडे पाऊल टेकता येणार नाही, हे सगळं ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते नसेचं दुखणं टाके निघाल्यावर आलं. त्याबद्दल मराठीत सलग असं मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं घर गोव्यात, म्हार्दोळला. आमच्याकडे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की फुगडी आलीच. शाळकरी वयापासून मी वाड्यावरच्या बायकांबरोबर फुगडी घालते आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांवर, पावसात शेवाळलेल्या अंगणात तोच डावा पाय कितीदा तरी मुरगळला. दर वेळी क्रेप बँडेज, चार दिवस आराम आणि पुन्हा कामाला लागणं. शेवटी घोट्यामागे कायमची सूज राहिली आणि सपाट रस्त्यावरही पाऊल कलंडायला लागलं. एमआरआयमध्ये दिसलं की बाहेरच्या घोट्यामागून उतरणाऱ्या दोन टेंडनपैकी (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पेरोनियस ब्रेव्हिस हे टेंडन उभं चिरलेलं आहे. पाऊल बाहेरच्या बाजूने सावरून धरायचं काम या जोडीचं. त्यातलं दुसरं, पेरोनियस लाँगस, तळव्याखालून आडवं जातं, ब्रेव्हिस करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या बुडाशी चिकटतं. खराब भाग काढून उरलेलं शिवायचं आणि टेंडन जागेवर धरणारा पडदा घट्ट करायचा, असा बेत ठरला आणि तो चांगला पार पडला. टेंडन आज भक्कम आहे. त्या कामाबद्दल सर्जनविषयी माझ्या मनात आदरच आहे.

पण त्याच टेंडनच्या शेजारून सुरल नावाची एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. पोटरीच्या मागून उतरते, बाहेरच्या घोट्याला मागून वळसा घालते आणि पावलाच्या कडेकडेने करंगळीपर्यंत पोचते. कातडीच्या अगदी खाली असते. स्पर्श, गार-गरम, वेदना यांची खबर मेंदूकडे नेणं हेच तिचं काम. पाय हलवण्याचं काम दुसऱ्या नसांचं. म्हणून तर शरीरात दुसरीकडे तुटलेली नस जोडायला तुकडा लागला की सर्जन पुष्कळदा हीच नस काढून घेतात. मागे राहतो तो पावलाच्या बाहेरच्या कडेचा बधिरपणा, आणि त्याच्यासकट माणूस नीट चालू शकतो. घोट्यामागे छेद घेताना ही नस जपावी लागते. ती ताणली गेली, सुजेने दाबली गेली, व्रणात अडकली किंवा तिची एखादी बारीक फांदी कापली गेली, की त्रास सुरू होतो. निष्णात हातांकडूनही हे होऊ शकतं, यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही.

मला टेंडनचं चित्र कागदावर काढून दाखवलं होतं. त्या चित्रात नस नव्हती. संमतिपत्रावर संभाव्य त्रासांच्या रांगेत तिचा इंग्रजीत ओझरता उल्लेख होता, तेवढाच. रुग्णाला हे तोंडी, त्याच्या भाषेत, आधी सांगितलं गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. माझा निर्णय त्याने बदलला नसता. पुढच्या रात्री मात्र वेगळ्या गेल्या असत्या, कारण आपल्याला काय होतंय हे तरी कळलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी कमरेतून भूल दिली होती, शिवाय गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता. त्याचा अंमल उतरल्यावर मध्यरात्री कडक ठणका लागला. पण ते दुखणं शहाणं होतं. पाय छातीपेक्षा उंच उशांवर ठेवला की उतरायचं, खाली सोडला की चढायचं, गोळी घेतली की तासाभरात निवायचं. त्याला कारण होतं आणि उतारही होता. दिवसागणिक ते कमी होत गेलं. मी निर्धास्त होते.

मग टाके निघाले, प्लास्टर जाऊन वॉकर बूट आला आणि घोट्यामागून करंगळीपर्यंत भगभग सुरू झाली. मिरच्या वाटल्यावर हातांची जी आग होते, पाण्याने धुतलं, खोबरेल लावलं तरी जी जात नाही, ती तशीच्या तशी पावलाच्या कडेला. ही सारखेपणाची गोष्ट नुसती मनाची नाही, हे मला नंतर वाचून कळलं. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची खबर देणाऱ्या तंतूंनाच चेतवतं, म्हणून भाजलेलं नसताना भाजल्यासारखं होतं. दुखावलेली नस बाहेरून काहीच न लागताही तीच खबर पाठवत राहते. आग सतत असायची, आणि मध्येच कुठूनतरी विजेसारखी सणक निघून करंगळीच्या टोकाला जायची. गंमत नव्हे, पण विचित्र असं की त्याच जागेवर सुई टोचली तर नीट कळत नव्हती. जागा बधिर आणि तिचीच आग.

जूनच्या सरी सुरू झाल्या होत्या, रात्री गारवा यायचा. एकदा मी झोपेत असताना सासूबाईंनी माझ्या पायांवर जुन्या लुगड्यांची वाकळ घातली. इतकी वापरून मऊ झालेली वाकळ की घरातल्या तान्ह्यांना तीच गुंडाळायची. तिची कड करंगळीला लागली आणि मी ओरडून उठून बसले. सासूबाई घाबरून दाराशी उभ्या. त्यांना वाटलं, टाका उसवला. दिव्यात पाहिलं तर पाय स्वच्छ. जखम बंद, कडा कोरड्या, लाली नाही. त्याच पायाला हाताने घट्ट धरलं तर चालत होतं, वाकळीची कड चालत नव्हती. पंख्याचा वारा चालत नव्हता. सोप्यावर बसले असताना पागोळीचा एक थेंब पावलावर उडाला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दिवसा कसंबसं निभायचं, रात्री मन रमवायला काही नसतं तेव्हा आग दुप्पट व्हायची.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी पलंगाच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या पाइपांची कमान बांधली. पांघरूण कमानीवरून जायचं आणि पाय खाली मोकळा. तेवढ्यानेही रात्रीची दोन-तीन तासांची सलग झोप मिळायला लागली. हा उपाय साधा आहे, पैशांचा नाही, आणि अशा दुखण्यात पहिल्याच रात्री करण्यासारखा आहे. पुठ्ठ्याचा खोका एका बाजूने कापून पायावर पालथा घातला तरी चालतो.

तपासणीला गेले तेव्हा ‘जखम छान भरली आहे’ असं ऐकून परत आले. वेदनाशामक गोळ्या बदलून दिल्या. त्यांनी पोट बिघडलं, आग होती तशीच. सूज आणि जखमेच्या दुखण्यावर चालणाऱ्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर सहसा चालत नाहीत, कारण बिघाड मांसात नसतो, खबर नेणाऱ्या वाटेत असतो. हे त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तर काय सांगणार? पायाकडे बघून म्हणायचे, ‘दिसत तर काही नाही.’ पुढे पुढे मीच सांगणं सोडलं. न दिसणाऱ्या दुखण्यात माणूस एकटा पडतो, आणि ते एकटेपण दुखण्यात भर घालतं.

मग मी वही घातली. कुठे, कधी, कशाने, किती वेळ, एवढंच लिहायचं. पावलाच्या चित्रावर पेनाने हद्द आखली: इथे बधिर, इथे आग, इथे हात लावला की सणक. ती वही घेऊन दुसऱ्या एका अस्थितज्ज्ञांकडे गेले. त्यांनी वही पूर्ण वाचली. मग घोट्यामागे व्रणाच्या कडेने बोटाने टकटक करत वर-खाली गेले. एका जागी टिचकी बसताच करंगळीच्या टोकापर्यंत झटका गेला.

‘दुखलं ना? हे मला हवंच होतं,’ ते म्हणाले. ‘नस जिवंत आहे. पूर्ण मेलेली नस अशी बोलत नाही.’

या टिचकीच्या खुणेला टिनेल म्हणतात. दुखावलेल्या नसेतले तंतू पुन्हा वाढत असतील तर झटक्याची ही जागा हळूहळू पुढे सरकत जाते. ते वाढतात दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. घोट्यामागून करंगळीपर्यंतचं अंतर त्यांनी माझ्याच टेपने मोजून दाखवलं आणि म्हणाले, ‘आता हिशेब तुम्हीच करा, टीचर.’ हिशेब काही महिन्यांचा निघाला. ऐकून कुणी खचलं असतं, मला उलट हायसं वाटलं. अमर्याद वाटणाऱ्या गोष्टीला लांबी मिळाली होती.

औषध दिलं ते प्रेगाबालिन, रात्रीचं, अगदी कमी मात्रेत, आणि सांगितलं की एक-दोन आठवडे थांबून मग मात्रेचं बघू. मूळचं हे फिट्सच्या आजारातलं औषध. उत्तेजित नसांना ते शांत करतं. गॅबापेंटिन त्याच घराण्यातलं. काहींना ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन देतात, जी मुळात नैराश्यावरची औषधं आहेत. चिठ्ठीत अशी नावं दिसली की घरचे दचकतात, तर दचकायचं कारण नाही. देण्याआधी त्यांनी मूत्रपिंडाचा अहवाल पाहिला, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. व्हिटॅमिन बी-१२ आणि रक्तातली साखरही तपासून घेतली. या दोन्हींतला बिघाड नसांना स्वतंत्रपणे त्रास देतो, आणि तो असेल तर नुसत्या पायावर इलाज करून भागत नाही.

औषधाने आग गेली नाही, तिची धार कमी झाली. पण पहिले दिवस अवघड होते. डोकं जड, तोल जायचा, बोलताना साधा शब्द आठवायचा नाही. कुबड्यांवर असलेल्या माणसाला तोल जाणं परवडत नाही. आमचं न्हाणीघर दोन पायऱ्या खाली, पावसाळ्यात ओलं. म्हणून रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाला लावून ठेवली. संकोच वाटतो, पण शिवलेलं टेंडन पुन्हा फाटण्यापेक्षा संकोच बरा. दुसरं म्हणजे या औषधाने काहींच्या पावलांना सूज येते. शस्त्रक्रियेच्या सुजेत ती मिसळून जाते आणि गोंधळ उडतो. आणि बरं वाटायला लागलं की आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, उतरवत उतरवत बंद करायचं. हे मला नीट बजावलं होतं आणि मी तसंच केलं.

नसांच्या चाचणीला बांबोळीच्या इस्पितळात जाऊन आले. चाचणी अगदीच सोपी, कातडीवर लहान लहान विजेचे झटके देऊन नस किती वेगाने खबर नेते ते पाहतात. त्रास झाला तो रस्त्याचा. कुंडई, भोम, बाणस्तारीचा पूल, तिथली वाहनांची रांग, प्रत्येक खड्ड्याला पाय बुटात हादरायचा. मागच्या सीटवर आडवं बसून पाय उशीवर घेतला, बुटाचे पट्टे एक घर सैल केले, तेव्हा जमलं. चाचणीत खबर क्षीण पण पोचते आहे असं दिसलं. नस तुटलेली नव्हती.

खरं वळण फिजिओथेरपीत मिळालं, आणि ते मला अपेक्षित होतं त्याच्या नेमकं उलट निघालं.

तोवर घरात सगळे माझा पाय जपत होते. कुणी जवळून गेलं तरी मी पाय आखडून घ्यायची. फिजिओ आली, तरुण मुलगी, पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘टीचर, रात्री कमान ठेवा. दिवसा मात्र पाय लपवायचा नाही. त्याला स्पर्श द्यायचा.’ मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने समजावलं की ज्या भागाला स्पर्शच मिळत नाही, त्या भागाबद्दल मेंदू जास्त जास्त धास्तावत जातो. साध्या स्पर्शाची खबरही तो धोका म्हणून वाचतो. त्याला पुन्हा शिकवावं लागतं की हा कापूस आहे, ही आग नाही. शिकवण्याची गोष्ट निघाल्यावर मला ते पटलं. पहिलीतल्या मुलाला एकदम जोडाक्षरं देत नाहीत.

आधी कापूस. आग असलेल्या जागेवर नाही, पोटरीवर, जिथे सगळं ठीक आहे तिथे. तिथून हळूहळू खाली यायचं, हद्दीच्या अलीकडे थांबायचं, पुन्हा वर जायचं. डोळे उघडे ठेवून, पायाकडे बघत. दर वेळी काही मिनिटंच, पण दिवसातून पुष्कळ वेळा. दुखणं वाढलं आणि थोड्या वेळात पूर्वपदावर आलं तर चालेल. तासन्‌तास धुमसत राहिलं तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. हद्दीवरून कापूस फिरला त्या दिवशी मी दातओठ खाल्ले होते, पण फिरला. कापसानंतर मलमलचा जुना पदर, मग सुती पंचा, मग खरखरीत टर्किश टॉवेल. हलक्या स्पर्शापेक्षा तळहाताचा सपाट दाब सोसतो असं लक्षात आलं, तेव्हा प्रत्येक फेरीची सुरुवात आणि शेवट तळहाताने करायला लागले. दुखऱ्या जागेच्या वर चोळलं की खाली थोडं निवतं, याचंही शास्त्र आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाचे तंतू पाठीच्या कण्यात वेदनेच्या खबरीची वाट अडवू शकतात. आपण कोपर आपटल्यावर ते आपसूक चोळतो ते यासाठीच.

मग आले तांदूळ. जखम पूर्ण भरून खपली पडून गेल्यावरच, हे आधी सांगते. घरात उकडे तांदूळ असतातच, पेजेचे, जाड, तांबूस. सासूबाईंनी मोठी परात घेऊन त्यात कोरडे तांदूळ ओतले आणि सोप्यावर खुर्चीसमोर ठेवली. पाय आत ठेवला तेव्हा पहिल्यांदा नुसता टोचण्यांचा गलका उठला. न हलता बसले. थोड्या वेळाने गलक्यातून एक-एक गोष्ट वेगळी व्हायला लागली. तळव्याखाली थंडपणा, अंगठ्याशी घसरणारे दाणे, बाहेरच्या कडेला अजून धूसर. बोटं उघड-मीट केली की दाणे मध्ये शिरायचे, पाऊल आत-बाहेर फिरवलं की ते घोट्यापर्यंत चढायचे, म्हणजे टेंडनचा व्यायामही त्यातच व्हायचा. शेजारी बसून सासूबाई जप करायच्या आणि मी परातीत पाय फिरवत राहायची. काही आठवड्यांनी डोळे मिटून त्यांनी परातीत टाकलेली वस्तू पायाने ओळखायचा खेळ सुरू झाला: सुपारी, काजूची बी, नारळाची काथ्या. काथ्या ओळखली त्या दिवशी मला खूप आनंद झाला. खरखरीत म्हणजे खरखरीत, आग नाही.

आरसाही वापरून पाहिला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, दुखरा पाय मागे लपवायचा, चांगल्या पायाला हात फिरवायचा आणि प्रतिबिंबात तो दुखरा पाय समजून बघायचा. कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हा उपाय आणला. पुष्कळांना गुण येतो म्हणतात, मला तांदळांइतका आला नाही.

नसेला सरकवण्याचा एक व्यायाम असतो, उताणं झोपून पाय सरळ उचलायचा आणि पाऊल आपल्याकडे व आत वळवायचं. तो मला बऱ्याच उशिरा दिला, कारण पाऊल आत वळवलं की शिवलेलं टेंडनच ताणलं जातं. कुणी व्हिडिओ पाहून आधीच करू नये. आणि करतानाही ताणून धरायचं नसतं, न्यायचं आणि सोडायचं.

एका काळजीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. सीआरपीएस नावाचा विकार असतो. त्यात दुखणं नसेची हद्द ओलांडून पूर्ण पावलात पसरतं, कातडीचा रंग बदलतो, पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा थंड लागतो, घाम, सूज, केस-नखांची वाढ बदलते, सांधे आखडतात. तसं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठायचे, कारण लवकर इलाज सुरू झाला तर फरक पडतो. पोटरी अचानक सुजून दुखणं किंवा दम लागणं, जखमेतून पू, ताप, याही थांबण्याच्या गोष्टी नाहीत. मी रोज सकाळी दोन्ही पावलं शेजारी ठेवून बघायची, हाताने गार-गरम तपासायची. माझं दुखणं नसेच्या हद्दीतच राहिलं.

जुने दाखले वाचताना मला सायलस वेअर मिचेल हे नाव भेटलं. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि जखम भरल्यानंतरचं हे भाजणारं दुखणं बारकाईने लिहून ठेवलं. काही सैनिक तो भाग सतत ओल्या फडक्यात ठेवत, बुटात पाणी ओतून घेत, कारण कोरडा स्पर्श त्यांना सोसत नसे. ते वाचलं त्या रात्री मी किती वेळ जागी होते. दीडशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी छावणीत कुणाला हेच झालं होतं आणि एका डॉक्टरने त्याचं ऐकून घेतलं होतं, याचा फार मोठा आधार वाटला.

आधाराच्या नावाने सल्लेही खूप आले. नस चढली आहे, बसवून घे. गरम तेलाने रगडून घे. शेक दे. माणसं प्रेमाने सांगतात, त्यांच्यावर रागावून चालत नाही. पण नव्या शिवणीवर रगडणं धोक्याचं, आणि बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी तर फारच. भाजलं तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. बर्फाचंही तेच. पाणी किती गरम आहे ते मी हाताने बघूनच पायावर घेते, अजूनही.

शाळेत परत गेले तेव्हा प्रश्न उभा राहिला चपलांचा. पावसाळी सँडलचा मागचा पट्टा बरोबर व्रणावर बसतो. उंच गळ्याचा बूट घोट्याला घासतो. शेवटी घोट्याच्या खाली संपणारे खेळाचे बूट घेतले आणि मोजे उलटे घातले, म्हणजे शिवण बाहेर राहते. पावसात भिजले की बदलायला मोज्यांचा जोड पर्समध्ये. वर्गात उभं राहून शिकवायला जमत होतं, मुलं स्वतःहून माझ्या डाव्या बाजूला गर्दी करायची नाहीत.

जमत नव्हती ती मांडी. मांडी घातली की बाहेरचा घोटाच जमिनीवर टेकतो, नेमका व्रण आणि नेमकी नस. परदेशी पुस्तिकांमध्ये या शस्त्रक्रियेनंतर धावायला कधी लागायचं ते असतं, मांडी कधी घालायची ते नसतं. आपल्याकडे भजन, पंगत, पूजा सगळं जमिनीवर. म्हार्दोळला जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होती त्या दिवशी सगळं देऊळ जायांनी दरवळत होतं, बायका खाली बसल्या होत्या आणि मी खांबाजवळ खुर्चीवर. एरवी चालून गेलं असतं, त्या दिवशी मन फार भरून आलं. फिजिओला सांगितलं, तेव्हा तिने मांडीलाच व्यायाम केलं. आधी पलंगावर गादीवर, घोट्याखाली मऊ चक्री करून, मध्ये खळगा, म्हणजे हाड अधांतरी. मग गादीवर चक्रीशिवाय. मग सतरंजी. घरातल्या आरतीपुरती मांडी जमायला लागली तेव्हा चवथ दाराशी आली होती.

चवथीला फुगडीत गिरक्या घेतल्या नाहीत, सर्जननी अजून परवानगी दिली नव्हती. मी गाणी म्हटली. टिनेलची जागा तोवर घोट्यामागून सरकून पावलाच्या मध्यापर्यंत आली होती. आज करंगळीचा बाहेरचा भाग बधिर आहे, तो बहुधा तसाच राहील, आणि त्याच्याशी माझं काही भांडण नाही. भगभग दिवसा नसते. खूप चालणं झालं किंवा थंडीत पाय उघडा राहिला की रात्री थोडी येते, तेव्हा परात काढते. औषध उतरवून बंद झालं आहे.

आमच्या शाळेतल्या एका सहकारी टीचरला दिवाळीच्या सुटीत घोट्याचीच शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती माझ्याकडे वही मागायला आली. वही दिली आणि सर्जनना विचारायचे प्रश्न तिच्याच हाताने लिहून घेतले. छेद कुठे घेणार आणि तिथून कुठली नस जाते? तिला त्रास झाला तर मला काय काय जाणवेल? तसं जाणवलं तर दुसऱ्याच दिवशी कुणाला फोन करायचा आणि त्यावरचं औषध कोण देणार? जखम भरल्यावर किती दिवसांनी स्पर्शाचे व्यायाम सुरू करता येतील? आणि मांडी कधी? या प्रश्नांना बसून उत्तरं देतील त्यांच्याकडेच तारीख घे, असं मी तिला सांगितलं.